साय यंगच्या निकालावरून होणारे वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन बेसबॉलमधल्या सर्वोत्तम पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराचा दर नोव्हेंबरात निकाल लागतो आणि पुढचे दोन दिवस फिलाडेल्फियापासून सिॲटलपर्यंत 'आमच्या पिचरला लुटलं' असा एकच गलका होतो. निकाल अमेरिकेत संध्याकाळी जाहीर होतो, तेव्हा भारतात पहाट असते. न्यू जर्सी नाहीतर डेट्रॉइटच्या नातेवाइकांचे संतापलेले मेसेज वाचूनच इथल्या अनेकांना विजेता कळतो. या संतापात कधी खरोखर दम असतो, पण बऱ्याचदा मतांची मोजणी ठाऊक नसते म्हणून तो होतो. पुढचे प्रश्न दर वर्षी येतात. बहुतेकांची उत्तरं आकडेमोडीत मिळतात.

हा पुरस्कार नेमका कशाचा? दर वर्षी दोन विजेते का?

मेजर लीग बेसबॉलमधल्या सर्वोत्तम पिचरचा. डेंटन ट्रू यंग, ऊर्फ साय यंग, हा १८९० ते १९११ या काळात खेळला आणि त्याने ५११ सामने जिंकले. हा विक्रम आता कोणी मोडेल असं वाटत नाही. १९५५ च्या नोव्हेंबरात तो वारला आणि पुढच्याच वर्षी कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी त्याच्या नावाने पुरस्कार सुरू केला. पहिला मानकरी ब्रुकलिन डॉजर्सचा डॉन न्यूकम. सुरुवातीला दोन्ही लीग मिळून एकच विजेता असायचा. १९६७ पासून अमेरिकन लीगचा एक आणि नॅशनल लीगचा एक असे दोन असतात. २०२५ मध्ये अमेरिकन लीगमध्ये डेट्रॉइट टायगर्सचा टॅरिक स्कूबल सलग दुसऱ्यांदा जिंकला, तर नॅशनल लीगमध्ये पिट्सबर्ग पायरट्सचा पॉल स्कीन्स. हे तेच पायरट्स, ज्यांनी २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय पोरांना करारबद्ध केलं होतं.

मतं कोण देतं? चाहते, खेळाडू की संघमालक?

तिघांपैकी कोणीही नाही. मतं देतात बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिकाचे पत्रकार. लीगमधल्या प्रत्येक संघाच्या शहरातून दोन. एका लीगमध्ये १५ संघ, म्हणून ३० मतदार. दोन्ही लीगचे मतदार वेगळे आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) यासारख्या इतर पुरस्कारांचेही वेगळे. त्यामुळे 'त्या अमुक पत्रकाराने स्कीन्सलाही डावललं आणि स्कूबललाही' ही तक्रार मुळातच निकालात निघते. काही मोठी वृत्तपत्रं आपल्या बातमीदारांना मत देऊच देत नाहीत. ज्यावर बातमी लिहायची तिचा निकाल आपणच लावायचा हे त्यांना पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही.

गुण कसे मोजतात?

प्रत्येक मतदार पाच नावं क्रमाने लिहितो. पहिल्या नावाला ७ गुण, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला ३, चौथ्याला २, पाचव्याला १. तीसही जणांनी पहिलं नाव एकच लिहिलं तर २१० गुण होतात. २०२५ मध्ये स्कीन्सला बरोबर तेवढेच मिळाले.

त्याच वर्षी अमेरिकन लीगमध्ये स्कूबलला २६ पहिली मतं मिळाली आणि बोस्टनच्या गॅरेट क्रोशेला ४. ताळा करून बघा. स्कूबल: २६ गुणिले ७ म्हणजे १८२, उरलेली चार दुसरी मतं म्हणजे १६, एकूण १९८. क्रोशे: ४ गुणिले ७ म्हणजे २८, अधिक २६ दुसरी मतं म्हणजे १०४, एकूण १३२. म्हणजे तीसच्या तीस मतपत्रिकांवर पहिल्या दोन जागा या दोघांनीच अडवल्या होत्या. बाकीचे सगळे तिसऱ्या जागेसाठी भांडत होते. क्रोशेने २५५ स्ट्राइकआउट घेतले (म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), स्कूबलपेक्षा १४ जास्त, आणि इनिंगही दहा जास्त टाकल्या. पण त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेले रन (कमी तितका चांगला), २.५९ होता आणि स्कूबलचा २.२१. बोस्टनकरांचा हिरमोड समजण्यासारखा आहे, पण याला लूट म्हणता येणार नाही.

आमच्या पिचरला पहिल्या क्रमांकाची मतं जास्त, तरी तो हरला. हे कसं?

ही तक्रार सगळ्यांत जुनी, आणि तिचा सर्वांत गाजलेला दाखला २०१६ चा आहे. बोस्टनचा रिक पोर्सेलो विरुद्ध डेट्रॉइटचा जस्टिन व्हर्लँडर. दोघं आधी डेट्रॉइटलाच एकत्र खेळलेले. व्हर्लँडरला पहिली मतं १४, पोर्सेलोला फक्त ८. निकाल: पोर्सेलो १३७, व्हर्लँडर १३२.

मतं उलगडून मांडली की मेख कुठे आहे ते दिसतं. पोर्सेलो: ८ पहिली, १८ दुसरी, २ तिसरी, १ चौथं, १ पाचवं. बेरीज केली तर तो तीसही मतपत्रिकांवर आहे. व्हर्लँडर: १४ पहिली, २ दुसरी, ५ तिसरी, ४ चौथी, ३ पाचवी. ही झाली अठ्ठावीस. उरलेल्या दोन मतदारांनी त्याचं नावच लिहिलं नव्हतं, आणि दोघेही टॅम्पा बेचे. यावरून रान पेटलं. व्हर्लँडरची तेव्हाची वाग्दत्त वधू, मॉडेल केट अप्टन, हिनेही ट्विटरवर जाहीरपणे आगपाखड केली.

आता आकडे. त्या दोघांनी व्हर्लँडरला पाचवं ठेवलं असतं तर त्याचे १३४ झाले असते. दोघांनी चौथं ठेवलं असतं तर १३६, तरीही एका गुणाने हार. एकाने तिसरं आणि एकाने चौथं ठेवलं असतं तर १३७ वर बरोबरी. जिंकायला त्या दोघांकडून मिळून निदान सहा गुण हवे होते, उदाहरणार्थ दोघांनी तिसरं ठेवायला हवं होतं. म्हणजे 'यादीत नुसतं नाव घातलं असतं तरी जिंकला असता' हे डेट्रॉइटमध्ये आजही ऐकू येणारं वाक्य खोटं आहे. त्याला खरं नडलं ते दुसऱ्या क्रमांकाच्या मतांनी. पोर्सेलोला ती १८ मिळाली, त्याला दोन. ज्यांना व्हर्लँडर पहिला वाटला नाही, त्यांच्यातल्या बहुतेकांना तो दुसराही वाटला नाही.

आणखी एक गंमत. २०१० च्या आधी तीनच नावं लिहायची असत आणि गुण ५-३-१ असे होते. त्या पद्धतीने मोजलं तर पोर्सेलोचे ९६ होतात आणि व्हर्लँडरचे ८१. अंतर वाढतंच. १९७० च्या आधी प्रत्येक मतदार एकच नाव लिहायचा. त्या पद्धतीने मात्र व्हर्लँडर १४ विरुद्ध ८ असा आरामात जिंकला असता. कामगिरी तीच, मतदार तेच. विजेता कोण हे मोजणीची पद्धत कोणती यावर ठरतं.

व्हर्लँडर तीनदा असा थोडक्यात हुकला: २०१२ मध्ये डेव्हिड प्राइसकडून ४ गुणांनी, २०१६ मध्ये ५ गुणांनी, २०१८ मध्ये ब्लेक स्नेलकडून १५ गुणांनी. २०११, २०१९ आणि २०२२ मध्ये तो जिंकला, त्यातलं पहिलं आणि शेवटचं एकमताने. सहानुभूती जरा मोजूनमापूनच दाखवावी.

मतपत्रिकेतून एखाद्याला पूर्ण वगळणं नियमात बसतं का?

बसतं. जागा पाच, पिचर शंभराच्या वर, कोणीतरी गळणारच. अमुक नाव लिहिलंच पाहिजे असं बंधन नाही.

गळतीचा सर्वांत मोठा परिणाम २००९ च्या नॅशनल लीगमध्ये दिसला. सेंट लुइसच्या ॲडम वेनराइटला १२ पहिली मतं मिळाली, सॅन फ्रान्सिस्कोच्या टिम लिन्सकमला ११, सेंट लुइसच्याच ख्रिस कार्पेंटरला ९. अंतिम गुण लिन्सकम १००, कार्पेंटर ९४, वेनराइट ९०. सर्वाधिक पहिली मतं मिळालेला तिसरा! ३२ पैकी दोन मतदारांनी कार्पेंटरला पहिल्या तिघांत धरलं नव्हतं. दोघांनी त्याला दुसरं ठेवलं असतं तर सहा गुण वाढून तोही शंभरावर पोचला असता. सेंट लुइसकरांनी त्या दोघांना धारेवर धरलं. पण खरी अडचण तीनच जागा असण्याची होती. तीन तगडे उमेदवार असताना चौथ्याचा विचार केला की कोणाला तरी शून्य मिळणार. पुढच्याच वर्षापासून तीनच्या जागी पाच नावं आली. आता एखाद्याने उमेदवाराला पाचवं ठेवलं तरी निदान एक गुण पदरात पडतो.

यामामोतोने वर्ल्ड सिरीज जिंकून दिली, तरी तो तिसरा?

२०२५ च्या निकालानंतर हा प्रश्न सर्वांत जास्त आला. लॉस एंजेलिसच्या योशिनोबु यामामोतोने वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत, टोरोंटोविरुद्ध तीन सामने जिंकले, त्यातला सहावा सुरुवातीचा पिचर म्हणून आणि लगेच दुसऱ्या दिवशी सातवा मदतीला येऊन. वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपीही तोच. पण साय यंगची मतपत्रिका प्लेऑफ सुरू होण्याआधीच जमा करावी लागते. मतदारांपुढे १६२ सामन्यांचा नियमित सीझन होता, त्यात यामामोतोचा ईआरए २.४९ आणि स्कीन्सचा १.९७. निकाल नोव्हेंबरात लागतो म्हणून मतंही तेव्हाच दिली जातात असा लोकांचा समज होतो. पेटी सप्टेंबरअखेरीसच बंद झालेली असते.

याच प्रश्नाचं भावंड म्हणजे 'अंतिम तिघे जाहीर झाल्यावर त्या तिघांत पुन्हा मतदान होतं का?' नाही. मतं आधीच मोजलेली असतात. पहिल्या तिघांची नावं आठवडाभर आधी फोडतात ती टीव्हीवर चर्चा चालावी म्हणून. 'फायनलिस्ट झाल्यावर त्याच्या बाजूने वारं फिरलं' या वाक्याला काही अर्थ नाही.

१० विजय, १० पराभव असलेला पिचर सर्वोत्तम कसा?

आधी पिचरच्या नावावर 'विजय' कसा लागतो ते पाहू. सुरुवातीच्या पिचरने किमान पाच इनिंग पूर्ण करायला हव्यात, तो मैदान सोडताना संघ आघाडीवर हवा आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी. यातली पहिली अट त्याच्या हातात. दुसरी अर्धी आपल्या बॅटरांच्या हातात. तिसरी पूर्णपणे बुलपेनच्या, म्हणजे नंतर येणाऱ्या राखीव पिचरांच्या. एखाद्या पिचरने आठ इनिंगमध्ये एक रन दिला आणि त्याच्या संघाला एकही करता आला नाही, तर पराभव त्याच्या नावावर. दुसऱ्याने पाच इनिंगमध्ये सहा रन दिले, संघाने दहा केले, तर विजय त्याचा.

२०२५ चे पायरट्स ७१ जिंकले आणि ९१ हरले. अशा संघात १.९७ ईआरए ठेवून, २१६ स्ट्राइकआउट घेऊन स्कीन्सचे १०-१० झाले, तर दोष कुणाकडे जातो ते सांगायला नको. विजय पराभवांपेक्षा जास्त नसताना साय यंग जिंकणारा सुरुवातीचा पिचर हा पहिलाच.

जुन्या काळी हे चाललं नसतं. १९८७ मध्ये ह्यूस्टनच्या नोलन रायनचा ईआरए लीगमध्ये सर्वांत कमी, २.७६. स्ट्राइकआउट सर्वांत जास्त, २७०. पण नोंद ८-१६. तो पाचवा आला. १९९० मध्ये ओकलंडचा बॉब वेल्च २७ विजयांच्या जोरावर जिंकला, तेव्हा रॉजर क्लेमेन्सचा ईआरए १.९३ होता आणि वेल्चचा २.९५. २००५ मध्ये बार्टोलो कोलोन २१ विजय आणि ३.४८ ईआरएवर जिंकला आणि २.८७ वाला योहान सांताना तिसरा. सिॲटलच्या फेलिक्स हर्नांडेझने २०१० मध्ये १३-१२ वर पुरस्कार घेतला, २८ पैकी २१ पहिली मतं मिळवून, तिथे वारं बदललं. मग २०१८ मध्ये मेट्सचा जेकब डिग्रॉम १०-९ वर ३० पैकी २९ पहिली मतं घेऊन गेला. ईआरए १.७०. त्यानंतर 'पण त्याचे विजय किती?' हा मुद्दा मतदारांपुरता संपला. चाहत्यांमध्ये तो अजून जिवंत आहे, विशेषतः आपल्या पिचरचे विजय जास्त असले की.

ईआरए स्वतः काढता येतो का? आमचं उत्तर नेहमी किंचित चुकतं.

पिचरच्या खात्यावरचे रन गुणिले ९, भागिले त्याने टाकलेल्या इनिंग. फील्डरच्या चुकीमुळे झालेले रन यात धरत नाहीत. क्रिकेटच्या भाषेत ही सरासरी नसून इकॉनॉमीची चुलत बहीण आहे: पूर्ण नऊ इनिंगच्या सामन्यात हा माणूस किती रन देईल.

उत्तर चुकतं ते दशांशामुळे. स्कीन्सच्या इनिंग १८७.२ अशा छापतात. हे १८७ पूर्णांक दोन दशांश नव्हेत. इनिंगमध्ये तीन बाद असतात, म्हणून .१ म्हणजे एक तृतीयांश आणि .२ म्हणजे दोन तृतीयांश. आपण १८.४ षटकं म्हणजे अठरा षटकं आणि चार चेंडू असं वाचतो, तोच प्रकार. स्कीन्सच्या खात्यावर ४१ रन. ४१ गुणिले ९ म्हणजे ३६९, त्याला १८७.६६७ ने भागा, १.९७ येतील. एक्सेलमध्ये १८७.२ तसंच टाकलं तरी इथे फरक तिसऱ्या घरातच पडतो. पण थोड्या इनिंग टाकणाऱ्या बुलपेनच्या पिचरांची तुलना करताना हीच चूक क्रम बदलू शकते.

आणखी एक: इथल्या इनिंगला 'डाव' म्हणून हिशेब करू नका. क्रिकेटचा डाव सगळे बाद होईपर्यंत चालतो, इथे तीन बाद झाले की बाजू बदलते.

कमी इनिंग टाकणारा जिंकावा का? २०२१ चं भांडण अजून का मिटत नाही?

कारण दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. मिलवॉकीचा कॉर्बिन बर्न्स: १६७ इनिंग, ईआरए २.४३, २३४ स्ट्राइकआउट. फिलाडेल्फियाचा झॅक व्हीलर: २१३ पूर्णांक एक तृतीयांश इनिंग, ईआरए २.७८, २४७ स्ट्राइकआउट. पहिली मतं दोघांना बारा-बारा, उरलेली सहा मॅक्स शर्झरला. गुण बर्न्स १५१, व्हीलर १४१.

फिलीजच्या चाहत्यांना आकडे वेगळ्या पद्धतीने मांडून दाखवले की निदान भांडणाचा विषय तरी नेमका होतो. बर्न्सने ४५ रन दिले, व्हीलरने ६६. म्हणजे व्हीलरने ४६ पूर्णांक एक तृतीयांश इनिंग जास्त टाकल्या आणि त्यांत २१ रन जास्त दिले. या जादा तुकड्याचा ईआरए काढा: २१ गुणिले ९, भागिले ४६.३३, म्हणजे ४.०८. त्या वर्षी लीगची सरासरी चारच्या थोडी वर होती. तेव्हा प्रश्न असा उरतो: बर्न्सइतक्या दर्जाच्या १६७ इनिंग, की तेवढ्याच इनिंग अधिक साधारण दर्जाच्या आणखी सेहेचाळीस?

आमचं मत व्हीलरकडे झुकतं. साधारण दर्जाच्या ४६ इनिंगही फुकट मिळत नाहीत. त्या कोणीतरी टाकाव्याच लागतात, आणि तो कोणीतरी बहुधा ट्रिपल-ए या खालच्या लीगमधून आणलेला किंवा आदल्याच रात्री दमलेला असतो. पण बर्न्सने मोसमाच्या सुरुवातीला एकही वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) न देता ५८ स्ट्राइकआउट घेतले होते, आणि स्ट्राइकआउट, वॉक, होमरन या पिचरच्या स्वतःच्या हातातल्या गोष्टींवरून काढलेला त्याचा फिप (ईआरएसारखाच वाचायचा आकडा) १.६३ होता. अशा माणसाला मत देणाऱ्याला वेड्यात काढता येत नाही. पुरस्कारासाठी किमान इनिंगची अट नाही. १६२ इनिंगची अट असते ती ईआरएच्या किताबासाठी. हे दोन नियम लोक नेहमी एकमेकांत मिसळतात.

एका साइटवर आमच्या पिचरचा वॉर पहिला, दुसरीकडे चौथा. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. वॉर म्हणजे खेळाडूमुळे संघाला किती जादा विजय मिळाले याचा अंदाज, आणि प्रत्येक साइट तो आपल्या पद्धतीने काढते. बेसबॉल-रेफरन्स पिचरने प्रत्यक्षात दिलेल्या रनपासून सुरुवात करतं आणि मागच्या फील्डिंगचा दर्जा त्यातून वजा-अधिक करतं. फॅनग्राफ्सचा मुख्य वॉर फिपवर उभा आहे. फिपचं सूत्र असं: होमरन गुणिले १३, अधिक वॉक आणि अंगावर बसलेले चेंडू यांची बेरीज गुणिले ३, वजा स्ट्राइकआउट गुणिले २. हे सगळं भागिले इनिंग, आणि वर साधारण ३.१ चा स्थिरांक, जो लीगच्या ईआरएशी जुळावा म्हणून दर वर्षी थोडा हलवतात. मैदानात पडलेल्या फटक्यांचं काय झालं हे फिप विचारातच घेत नाही. ज्याच्या मागे हलकी फील्डिंग आहे त्याला हा न्याय वाटतो. हलके, फसवे फटके मारायला लावणाऱ्या पिचरवर मात्र यात अन्याय होतो. वाद घालताना कुठला वॉर ते आधी सांगा, नाहीतर अर्धा तास वाया जातो.

क्लोजरला साय यंग का मिळत नाही?

मिळायचा. क्लोजर म्हणजे आघाडी टिकवायला सामन्याच्या शेवटी येणारा रिलीव्हर (मागून येणारा पिचर). १९७४ च्या माइक मार्शलपासून २००३ च्या एरिक गान्येपर्यंत नऊ रिलीव्हरांना मिळाला. गान्येने ५५ संधींत ५५ सेव्ह केले होते, म्हणजे पंचावन्नही वेळा आघाडी टिकवली होती. नंतर कोणालाच नाही. आजचा क्लोजर मोसमात साठ-सत्तर इनिंग टाकतो, सुरुवातीचा पिचर पावणेदोनशे. इतक्या कमी इनिंगमध्ये कितीही कंजूष राहिलं तरी वाचवलेल्या रनचा एकूण आकडा लहानच राहतो. १९८७ चा नॅशनल लीगचा निकाल मात्र आवर्जून बघावा: क्लोजर स्टीव्ह बेड्रोशियन ५७, रिक सटक्लिफ ५५, रिक रॉयशेल ५४. तिघांत तीन गुण.

मोसमाच्या मध्यावर पिचर दुसऱ्या लीगमध्ये गेला तर?

प्रत्येक लीगचे मतदार त्याने आपल्या लीगमध्ये केलेलंच मोजतात. १९८४ मध्ये सटक्लिफ अमेरिकन लीगच्या क्लीव्हलंडहून नॅशनल लीगच्या शिकागो कब्जकडे आला, तिथे १६ विजय, १ पराभव अशी नोंद केली आणि नॅशनल लीगचा पुरस्कार एकमताने जिंकला.

बरोबरी झाली तर?

दोघांना विभागून. १९६९ मध्ये अमेरिकन लीगमध्ये बॉल्टिमोरचा माइक क्वेयार आणि डेट्रॉइटचा डेनी मॅक्लेन यांना सारखी मतं पडली. एकच नाव लिहायच्या पद्धतीमुळे ते झालं, म्हणून पुढच्या वर्षी तीन नावं आली.

जिंकल्यावर पैसे मिळतात का?

असोसिएशन मानचिन्ह देते. पैसा येतो करारातून आणि लीगच्या नियमांतून. २०२२ पासून, अजून पगाराच्या लवादाला पात्र न झालेल्या तरुण खेळाडूंसाठी दर वर्षी ५ कोटी डॉलरचा बोनस निधी आहे. त्यातून साय यंगच्या विजेत्याला २५ लाख डॉलर आणि दुसऱ्याला १७ लाख ५० हजार मिळतात. स्कीन्ससारख्या जवळपास किमान पगारावर खेळणाऱ्याला ही रक्कम पगाराच्या दुपटीहून जास्त पडते. पत्रकारांच्या मतावर खेळाडूचे लाखो डॉलर अवलंबून असणं हे खुद्द पत्रकारांनाही खटकतं. कर्ट शिलिंगच्या बोस्टनबरोबरच्या २००८ च्या करारात तर साय यंगसाठी एक जरी मत मिळालं तरी १० लाख डॉलर असं कलम होतं. तो त्या वर्षी दुखापतीमुळे खेळलाच नाही, म्हणून बाका प्रसंग टळला.

निकाल लागला, डोकं तापलंय. नेमकं काय तपासू?

आधी गुणतक्ता उघडा आणि फक्त पहिली मतं न बघता पाचही रकाने बघा. मग तुमच्या पिचरच्या सगळ्या मतांची बेरीज करा. ती ३० पेक्षा जितकी कमी भरली तितक्या मतदारांनी त्याला गाळलंय. गाळणाऱ्यांनी त्याला त्यातल्या त्यात वरची कुठली जागा दिली असती असा अंदाज करा, ते गुण जोडा आणि निकाल खरंच फिरतो का ते बघा. बहुतेक वेळा फिरत नाही. जोडताना एक चूक सगळेच करतात: तुमचा माणूस वर घातला की त्या मतपत्रिकेवरचे बाकीचे एकेक पायरी खाली सरकतात. प्रतिस्पर्धी त्याच मतपत्रिकेवर खाली गेला तर त्याचे गुण कमी होतात. तेही वजा करायला हवेत.

त्यानंतर वैयक्तिक मतपत्रिका. असोसिएशन त्या नावानिशी, शहरासकट आपल्या साइटवर टाकते. स्वतःच्या शहरातल्या दोघांनी काय केलं ते आधी वाचा. 'बाहेरच्यांनी कट केला' म्हणणाऱ्यांना कधीकधी कळतं की घरच्याच पत्रकाराने त्यांच्या पिचरला दुसरं ठेवलंय.

मतदाराला जाब विचारावा का?

जरूर विचारावा, मुद्द्यावर. बरेच मतदार आपल्या मताचं कारण लेख लिहून देतात, तो आधी वाचावा. २०१६ मध्ये झाला तसा शिव्यांचा पाऊस पाडून एकही गुण इकडचा तिकडे होत नाही.

जपानमध्ये असाच पुरस्कार आहे म्हणतात. तिथेही भांडणं होतात का?

सावामुरा पुरस्कार. १९४७ पासूनचा, म्हणजे साय यंगहून जुना, आणि यामामोतोने तो २०२१ ते २०२३ सलग तीनदा घेतला. तिथे पत्रकार नाहीत, माजी पिचरांची समिती ठरवते. तिच्यापुढे अनेक वर्षं सात निकष होते: २५ सामने, १५ विजय, १० पूर्ण सामने (एकट्यानेच शेवटपर्यंत टाकलेले), २०० इनिंग, १५० स्ट्राइकआउट, ६० टक्के विजय आणि २.५० किंवा त्याहून कमी ईआरए. सगळे पूर्ण झालेच पाहिजेत असं नाही, पण कोणीच लायक वाटला नाही तर समिती पुरस्कार देतच नाही. २०१९ मध्ये दिला नव्हता. आता पिचर पूर्ण सामना क्वचितच टाकतात, त्यामुळे तिथलं भांडण कोण जिंकला यापेक्षा पूर्ण सामन्यांची अट ठेवायची की काढायची यावर जास्त रंगतं.